रविवारचं कापड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते कापडाची घडी घालण्याचं. रविवार होता, साडेअकरा वाजले असतील. आलेल्या दोन्ही मास्तरणी निघून गेल्या होत्या. बायकोनं चहाचे कप मोरीत ठेवले आणि खोलीभर पसरलेल्या कापडाची दोन टोकं तिनं धरली, दोन मी. घडीवरून आमचं नेहमीचं भांडण होतं. मी लूमवर उभा राहून म्हातारा झालेला माणूस. कापडाचं तोंड आत आणि पाठ बाहेर अशीच घडी घालायची, म्हणजे मालाला धूळ लागत नाही, ही माझ्या हाताची सवय. तिला ते पसंत नव्हतं. "अहो, लिहिलेलं बाहेर ठेवा. बघितल्याबरोबर माणसाला कळलं पाहिजे काय आहे ते." त्या दिवशीही ती तेच म्हणाली आणि मी चिडलो. खरं तर मी घडीवरून चिडलोच नव्हतो. सकाळी नऊपासून ती दाराकडे डोळे लावून बसली होती आणि आल्या किती, तर दोघी. मला ते बघवलं नाही. मी बोलून गेलो, "आते बस कर बाई. कोनले काय पडेल शे?" आता पुरे कर, कोणाला काय पडलंय... घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तिनं तिच्या बाजूनं कापड एकदा झटका देऊन ताणलं, ती नेहमीच ताणायची तसं. माझ्या हातातून टोक सुटता सुटता राहिलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी कोणी आलं नाही तरी उघडायचं."

मंगळवारी दुपारी मेथी निवडता निवडता ती कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मधल्या सोमवारी आम्ही बोललो असणारच. गॅसचं, गोळ्यांचं, वापीला असलेल्या मुलाचं. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते माझं कोनले काय पडेल शे.

तिचं नाव शकुंतला. शाळेतली पोरं बाई म्हणायची, मग गल्ली बाई म्हणायला लागली, आणि शेवटी मीसुद्धा. मी चौथी शिकलेला. आमचं दोघांचं गाव शिरपूरकडे. लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती. सुरतला नवागामात आलो, मी खात्यात लागलो. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. ती घरी बसून शेजारणींच्या पोरांचा अभ्यास घ्यायची. पुढे मॅट्रिक झाली, मास्तरकीचा कोर्स केला, आणि मराठी शाळेत लागली. लोक मला म्हणतात, तुम्ही बायकोला शिकवलं. खोटं आहे. मी नको म्हणत होतो. पहिल्या वर्षी तर मी तिची पुस्तकं माळ्यावर टाकली होती. ती स्टूल लावून काढायची, वाचायची, आणि मी यायच्या आधी परत वर ठेवायची. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसायचो. तेवढाच माझा हातभार.

तिचा विषय समाजविद्या. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एका पुस्तकात. सहावी ते आठवी. आता हा विषय म्हणजे शाळेतला गरीब पाहुणा. कोणी आजारी पडलं की समाजविद्येचा तास कापा. कवायतीचा मास्तर मोकळा बसलाय, त्याला समाजविद्या द्या. गणित-विज्ञानवाल्यांना प्रशिक्षणं, जत्रेसारखी प्रदर्शनं, खोके भरून सामान. ते परत आले की स्टाफरूममध्ये आठ दिवस त्यांच्याच गप्पा. कोण कुठल्या गावचं भेटलं, कोणी काय नवीन सांगितलं. बाई ऐकत बसायची. एकदा तिनं आचार्यांना विचारलं, इकडे हेडमास्तरला आचार्य म्हणतात, की साहेब, आमच्या विषयाचं काही नसतं का? ते म्हणाले, "बाई, समाजविद्येत काय शिकायचंय, पुस्तक वाचून दाखवायचं. तुमच्यासाठी काही आलं की कळवतो." एवढ्या नोकरीत तिच्या विषयाचं म्हणून दोनदा आलं. त्यातलं एक फॉर्म कसे भरायचे त्याचं होतं. ती ते सांगून हसायची. मला हसू यायचं नाही. खात्यात नवीन मशीन आलं की शेठसुद्धा दोन कारीगर शिकायला पाठवतो. मास्तराला शिकायला कोणी पाठवायचंच नाही?

मतदार याद्या मात्र तिच्याच गळ्यात. घरोघर जा, नावं लिहा, कोण मेलं, कोण नवीन आलं, कोण गावाला गेलं ते बघा. आचार्य म्हणायचे, तुमचाच विषय आहे हा, नागरिकशास्त्र. उन्हात फिरून तिच्या टाचा फुटायच्या. पण बाईची गंमत अशी की तिला लोकांच्या घरात शिरायला आवडायचं. कोण कुठून आलं, का आलं, गावी काय करत होतं. एका खोलीत अमळनेरचे, शेजारी ओडिशाचे, वर उत्तर प्रदेशचे, आणि पुस्तकात मात्र लांबचे राजे आणि लांबच्या नद्या. ती म्हणाली, आपली गल्लीच शिकवली तर? तिनं पोरांना सांगितलं, घरी विचारून या, आजोबा कोणत्या गावाहून आले, कोणत्या गाडीनं आले, पहिल्या दिवशी कोणाकडे उतरले. पोरं असं काय काय घेऊन आली की कागद पुरेना.

नयनाबेन तिला याद्यांच्या कामातच भेटली. पर्वत पाटियाकडच्या गुजराती शाळेची, हिचाच विषय. दोघी एका झाडाखाली डबा खात होत्या आणि नयनाबेन म्हणाली, "बेन, आपण समाजविद्यावाल्या एकमेकींना बघतो ते फक्त या यादीपायी. नाहीतर मला वाटायचं सुरतमध्ये मी एकटीच आहे." बाईनं लगेच सांगितलं, रविवारी माझ्या घरी ये. ती आली, येताना अजून एकीला घेऊन आली. मग कोसाडकडून एक आला, हिंदी शाळेचे दोघे आले. आमची खोली ती केवढी. मी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो. मराठी, गुजराती, हिंदी, सगळ्यांचं एकदम चालायचं. कोणी म्हणायचं, हा धडा पोरांच्या डोक्यावरून जातो, तू कसा घेतेस? कोणी म्हणायचं, आमच्या शाळेत माझा तास संगीताला दिला. रडायचेसुद्धा. पण जाताना चेहरे निराळे असायचे. मी मनात म्हणायचो, ही खरी स्टाफरूम.

कागद पुरत नाही म्हणाली म्हणून कापड मी आणलं. खात्यातलं कोरं कापड, थोडं डागी म्हणून बाजूला काढलेलं, शेठला विचारून. त्यावर नवागामची प्रत्येक गल्ली काढायची, प्रत्येक घराला एक ठिपका, आणि ठिपक्यापासून रेघ काढून कडेला गावाचं नाव. बाई म्हणाली, आधी धुऊन घेते. मी म्हणालो, "धुवू नको. खळ आहे तोवर कापड ताठ राहतं, पेन कसं सरकतं बघ." खरंच छान सरकलं. विणताना धागा तुटू नये म्हणून सुताला खळ पाजतात, ती अंगावर असते तोवर कापड कागदासारखं असतं. आम्ही लूमवाले. विणलेल्या कापडाचा ताका उतरवून दिला की आमचा संबंध संपला. तो पुढे मिलमध्ये जातो, तिथे त्याची खळ काढतात, मग रंग देतात, हे ऐकून माहीत, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. सगळं आयुष्य कापड विणलं आणि कापड पाण्यात पडल्यावर त्याचं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षं सगळ्यांनी मिळून तो नकाशा भरला. मग नयनाबेनच्या ओळखीतून पत्र आलं. गांधीनगरकडे शिक्षकांचं मोठं संमेलन होतं, राज्यभरचे येणार होते, आणि बाईनं तिथे नकाशा मांडून अर्धा तास बोलायचं होतं. समाजविद्येच्या मास्तरणीला पहिल्यांदा कोणी बोलावलं होतं. तिनं ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. आरशासमोर बोलण्याची तालीम करायची. मी म्हणायचो, "बाई, आरसा काही प्रश्न विचारत नाही." ती म्हणायची, "मग तुम्ही विचारा." मी काय विचारणार... मी विचारलं, तिथे जेवायला देतात का?

संमेलनाला आठवडा राहिला असताना खाडीचं पाणी आलं. या भागात ते नवीन नाही. वरून पाणी सुटतं, खाडी फुगते आणि तळमजल्याच्या घरांत शिरते. आम्ही गॅस, धान्य, मुलाची कागदपत्रं वर चढवली. नकाशा खाटेखालच्या पेटीत होता. पेटी पत्र्याची आहे, काही होत नाही, हेही मीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर खळ सुटून पेज झाली होती आणि तिच्यासोबत सगळी शाई. गल्ल्या नाहीत, गावं नाहीत, नुसते निळे ओघळ. खळीवर लिहिलेलं खळीबरोबर जातं. अगदी साधी गोष्ट. मिलमधला कोणीही पोरगा सांगू शकला असता.

मी भिंतीला टेकून बसलो. बाई कापड पिळत होती. मी म्हणालो, मीच तुला धुवू दिलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही सांगं, मी आयकं. चूक दोन्हीसनी शे." चूक दोघांची, एवढंच. त्यानंतर ती कधी त्यावर बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

तरी ती जाणार होती. म्हणाली, नकाशा नाही तर नाही, तोंड आहे ना. नयनाबेननं तिकिटं काढली होती. रजेचा अर्ज घेऊन आचार्यांकडे गेली तर ते म्हणाले, पुराचा सर्वे आलाय, घरोघर जायचंय, तुमच्याइतकी गल्ल्यांची माहिती कोणाला आहे? तुम्हाला सोडता येणार नाही. म्हणजे माहिती आहे म्हणून शिक्षा. त्याच आठवड्यात विज्ञानाचे दोन मास्तर कुठल्याशा शिबिराला गेले, त्यांना पूर आडवा आला नाही. ज्या दिवशी तिनं गांधीनगरला बोलायचं, त्या दिवशी ती आमच्याच गल्लीत चिखलातून फिरत होती, कोणाची किती भांडी गेली ते लिहीत. आमच्या दारात आली आणि मला म्हणाली, "बोला, तुमचं काय नुकसान झालं?" मी म्हणालो, "लिही, एक नकाशा." तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "तो रकाना नाही यात."

नयनाबेननं संमेलनवाल्यांना तीनदा फोन केला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढचं वर्ष कुठलं यायला?

पुढच्याच रविवारी तिनं मला नवं कापड आणायला लावलं. या खेपेला चार पन्हे, म्हणजे अख्ख्या रुंदीचे चार तुकडे, जोडायचे होते, कारण आता नुसतं नवागाम नको, येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या शाळेचा भाग काढायचा होता. कापड तिनं सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळलं. खळ निघेपर्यंत मी चोळलं. तिनं पेनानं कोपऱ्यात एक ठिपका काढला, वाळवला, वरून पाणी ओतलं. ठिपका राहिला. मग म्हणाली, आता सगळ्यांना बोलवा. ते हे रविवारचं कापड. यात कोसाडच्या इमारती आहेत, पर्वत पाटियाची चाळ आहे. वेगवेगळ्या हातांची अक्षरं आहेत, गुजराती, मराठी, हिंदी. एका ओडिया मास्तरानं आपल्या लिपीत लिहिलंय, ते आम्हाला कोणाला वाचता येत नाही, पण बाईनं खोडू दिलं नाही.

बाई रिटायर झाली, रविवार चालूच राहिले. वैशाली तेव्हाच आली. खानदेशचीच पोर, करारावर लागलेली. वर्ष संपलं की पुढे शाळा आहे की नाही तिला कळत नाही. मला काका म्हणते आणि माझ्या चहाला नावं ठेवते. "काका, यात पत्ती विसरलात की दूध जास्त झालं?" बाई तिच्याकडून धडे बसवून घ्यायची, चुकलं की सगळ्यांसमोर सांगायची. मग हळूहळू माणसं तुटायला लागली. मराठी शाळेत पोरं कमी, म्हणून तास कमी, म्हणून मास्तर इकडून तिकडे. कोणाची बदली, कोणाला रविवारीसुद्धा याद्यांचं काम, कोणी सरळ सांगितलं, बाई, यातून काय मिळतं? प्रमाणपत्र मिळत नाही, बढतीला उपयोग नाही. खरंच काही मिळत नव्हतं. आणि मी, तिचा नवरा, त्या शेवटच्या रविवारी त्यांच्याच बाजूनं बोललो.

तेराव्यानंतरच्या शनिवारी शाळेत शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, पाण्याच्या बाटल्या. जे आचार्य तेव्हा होते ते आता वरच्या जागेवर आहेत, तेच प्रमुख पाहुणे. वीस मिनिटं बोलले. बाईंनी समाजविद्येच्या शिक्षकांना एकत्र आणलं, बाई म्हणजे चालती बोलती संस्था. मी पुढच्या खुर्चीवर बसून माझ्या चपलेकडे बघत होतो. शेवटी ते म्हणाले की बाईंचा तो प्रसिद्ध नकाशा शाळेच्या प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत लावायचं ठरलं आहे, काका तो आपल्याला देतील. टाळ्या झाल्या. कापड माझ्या पिशवीतच होतं, वैशालीनं सभेत दाखवायला आणायला सांगितलं होतं म्हणून. साहेब खाली येऊन माझ्यापुढे हात करून उभे राहिले. फोटोवाला तयार.

मी म्हणालो, "नाही देता येणार. उद्या लागणार आहे."

ते म्हणाले, "उद्या? उद्या काय आहे?"

"रविवार आहे."

ते जरा हसले, म्हातारा दुःखात आहे असं बाजूच्याला खुणेनं सांगितलं. मी पुढे म्हणालो, "साहेब, तिला जायचं होतं तेव्हा तुम्ही सोडलं नाही. आता ती गेली तर तिचं कापड काचेत कोंडता. त्यावर लिहायला अजून जागा आहे." नयनाबेननं माझी पिशवी उचलली आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यात ती म्हणाली, "भाऊ, बोललात ते बरोबर. पण उद्या मी नाही येऊ शकत. वैशाली पण नाही. आमची याद्यांची ड्युटी आहे, दिंडोलीच्या शाळेत. तिथे सगळे समाजविद्यावालेच बसवलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ वाजता खोलीत बसलो. दोन कप धुऊन ठेवले. दाराकडे बघत बसलो, बाई बसायची तसा. दहा मिनिटं बसलो असेन. तेवढ्यात मला माझाच राग आला. कोणी येत नाही म्हणून बसायचं कशाला? सगळे कुठे आहेत ते माहीत आहे की. थर्मास भरला, कापड काखेत घेतलं आणि रिक्षानं दिंडोलीला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात ओळीनं टेबलं. प्रत्येक टेबलामागे एक कंटाळलेला मास्तर, पुढे याद्यांचे गठ्ठे. फॉर्म भरायला आलेली माणसं तुरळक. काही चेहरे ओळखीचे निघाले, वर्षापूर्वी यायचे बंद झालेले. मला बघून एकानं मान खाली घातली.

वैशाली उठून उभी राहिली. "काका? तुम्ही इथे?"

"फॉर्म बाजूला कर," मी म्हणालो, आणि व्हरांड्याच्या फरशीवर कापड उलगडलं. माझ्याच सवयीनं घातलेली घडी होती ती, त्या शेवटच्या रविवारची. लिहिलेलं आत. पूर्ण उघडेपर्यंत कोणाला कळेना हा म्हातारा काय पसरतोय. मग कळलं. नयनाबेन खुर्ची सोडून खाली बसली. मान खाली घातलेला तो आला. फॉर्म भरायला आलेला एक माणूस चपला काढून कडेला उभा राहिला आणि विचारायला लागला, यात आमची गल्ली कुठे आहे. वैशालीनं शोधली. नव्हती. "मग काढा की," तो म्हणाला. तिनं पेन घेतलं. मी चहा ओतला. ती म्हणाली, पत्ती विसरलात. आठव्या-नवव्या मिनिटाला त्यांचं नेहमीचं सुरू झालं, हा धडा तू कसा घेतेस, तुझे तास कोणाला दिले. मध्येच कोणी फॉर्म घेऊन आलं की एक जण उठून जायचा आणि परत यायचा.

बाराच्या सुमाराला पर्यवेक्षक येणार म्हणून आवरायला घेतलं. दोन टोकं मी धरली, दोन वैशालीनं. मी सवयीनं तोंड आत घ्यायला लागलो. हात थांबला. म्हणालो, "पोरी, उलटं धर. लिहिलेलं बाहेर राहू दे." तिनं उलटं धरलं, आणि तिच्या बाजूनं झटका देऊन ताणलं.

या खेपेला मी टोक घट्ट धरलं होतं.